सव्वा लाखाच्या आधी कॅबिनेटची काच काढा

वाचकाचा प्रश्न

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून २९ वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे. ते एका शिक्षण संस्थेत कारकून आहेत, पगार २८ हजार. घरी आईवडील, पत्नी आणि आठ एकर कोरडवाहू शेती. २०२१ मध्ये त्यांनी एकेक भाग मागवून स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडला. त्यात रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, साधी हार्ड डिस्क आणि कार्डांच्या टंचाईच्या त्या दिवसांत २२ हजार मोजून घेतलेलं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे. मॉनिटर ६० हर्ट्झचा. मशीन माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत असतं. मागच्या दिवाळीत त्यांनी रंगीत दिव्यांचं, पुढून काच असलेलं कॅबिनेट घेतलं.

मार्चपासून गेम अडकतात. दुपारी तर फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) निम्म्यावर येतात आणि संध्याकाळी खेळताना मशीन कधीकधी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतं. म्हणून नव्या पिढीचा एएम५ बोर्ड, प्रोसेसर, त्याला लागणारी डीडीआर५ रॅम आणि नवं कार्ड असा सव्वा लाखाचा बेत आहे, तोही २४ हप्त्यांत. वडील, म्हणजे अण्णा, म्हणतात, "किती घालायलास रं त्या डबड्यात?" घरात भागांच्या किमती त्यांनी आजवर कमी करूनच सांगितल्या आहेत. साडेसहा हजारांचं कॅबिनेट पत्नीला दोन हजारांचं म्हणून सांगितलं. "अण्णांनी मात्र नांगरट ट्रॅक्टरनं होत असताना लाल कंधारी बैलजोडी ठेवली आहे, त्यांना कोणी काही बोलत नाही," असंही ते लिहितात. शेवटी विचारतात: "मी खेळतो कमी. रोज रात्री दोन-दोन तास नवीन कार्डांचे व्हिडिओ बघतो. हे व्यसन आहे का? आणि मशीन बदलू का?"

उत्तर

नमस्कार.

व्यसनाचं आधी बोलू, कारण तो शब्द तुम्हाला टोचत असावा. खेळण्यापेक्षा मशीन जोडण्यात, त्यातले भाग समजून घेण्यात जास्त रस असणं ही काही विकृती नव्हे. रेडिओ जोडणारे, जुन्या गाड्या उघडून बसणारे लोक आपल्याकडे पूर्वीपासून आहेत, आणि बाजारातून तयार डबा न आणता स्वतः भाग निवडून मशीन उभं करायला अक्कल लागते, धीर लागतो. तुमच्या पत्रात नोकरी बुडाल्याचं, झोप उडाल्याचं किंवा उसनवारीचं एक वाक्यही नाही. म्हणून मी याला छंद म्हणते. मला काळजी वाटते ती फक्त रात्रीच्या दोन तासांची. त्या व्हिडिओंमध्ये कार्डाची चाचणी घेताना मुद्दाम बाजारातला सगळ्यात वेगवान प्रोसेसर लावतात, म्हणजे कार्डाला कशाची अडचण राहत नाही. बहुतेक वेळा ती खोलीही थंड असते. त्यांचं चूक नाही, चाचणी तशीच घ्यावी लागते. पण पडद्यावरचा आकडा तुमच्या पत्र्याच्या खोलीतला नसतो. रोज तो बघून आपलं मशीन आहे त्याहून जुनं वाटायला लागतं.

आता मशीनकडे येऊ. तुमच्या पत्रातला माझ्या दृष्टीनं सगळ्यात कामाचा शब्द 'दुपारी' हा आहे. प्रोसेसर जुना झाला म्हणून गेम अडकत असेल, तर तो सकाळी सातलाही अडकायला हवा. तुमचा मार्चपासून, आणि दुपारी अडकतो. आणि मार्चच्या आधी, दिवाळीत, तुम्ही पुढून काच असलेलं कॅबिनेट घेतलंय. ते थंडीत निभावलं. तुम्ही या तिन्ही गोष्टी पत्रात वेगवेगळ्या ठिकाणी लिहिल्या आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून बघा.

परभणीकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४२-४३ अंश असतात, पत्र्याखाली त्याहून जास्त. मशीनमधला पंखा हवा थंड करत नाही, तो फक्त खोलीतली हवा आत ढकलतो. खोली पंधरा अंशांनी तापली की प्रोसेसर आणि कार्डही जवळजवळ तेवढेच वर चढतात. त्यात पुढून काच, म्हणजे हवा कडेच्या बोटभर फटीतून आत येणार. २६०० या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे. तिथं पोचला की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. कार्डही तसंच वागतं. तुमचे निम्मे फ्रेम तिथं गेले असण्याची शक्यता मला फार दाट वाटते.

हे तपासायला एक रुपया लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्यातून कार्डाचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, कार्डाचा वापर किती टक्के आणि फ्रेम किती, हे चार आकडे गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात दिसतात. दुपारी दोनला एकच गेम, एकच नकाशा वीस मिनिटं खेळा आणि आकडे वहीत लिहा. मग मशीन बंद करून पुढची काच आणि बाजूची झडप काढा, आणि तोच गेम पुन्हा वीस मिनिटं. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं आणि फ्रेम परत आले, तर चोर सापडला. तो साडेसहा हजारांचा होता याचं वाईट वाटेल, पण सव्वा लाखाचं नवं मशीन त्याच काचेमागे घातलं असतं तर तेही मे महिन्यात असंच अडकलं असतं.

काच काढलीच आहे तर प्रोसेसरच्या पंख्याखाली टॉर्च मारून बघा. आपल्याकडे काळ्या मातीची बारीक धूळ असते, मळणीच्या दिवसांत सोयाबीनचं भुसकट हवेत असतं आणि खोलीत डेझर्ट कूलर असेल तर वरून त्याची ओल. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या, पात्यांमधल्या फटी या तिन्हीनं मिळून बुजतात. करडा, दाट थर असतो, नखानं ओढला तर सबंध पट्टी निघून येते. तो निघेपर्यंत कितीही भारी पंखा लावला तरी हवा आरपार जात नाही. वायर काढून, मशीन अंगणात नेऊन ब्लोअर मारा. मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर झोतानं पंखा नको तितका फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. डेझर्ट कूलरचं तोंड मशीनकडे ठेवू नका.

प्रोसेसर आणि त्यावरचा पंखा-हीटसिंक (यालाच कूलर म्हणतात) यांच्यामधली पेस्टही बदला. पाच वर्षांत ती वाळून खडू होते आणि नवी नळी काहीशे रुपयांत येते. इथं एक सांभाळायचं आहे. तुमच्या बोर्डावरच्या एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो ती जागा) पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. पेस्ट वाळलेली असताना कूलर सरळ वर ओढला, तर त्याला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून मशीन तापवा, मग बंद करून वायर काढा आणि कूलर किंचित डावी-उजवीकडे पिळत सोडवा.

संध्याकाळी मशीन आपोआप बंद होऊन सुरू होतं, ते मात्र उष्णतेपेक्षा विजेचं दुखणं वाटतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या वेळेला 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसते का बघा. तिचा अर्थ एवढाच की मशीनला रीतसर बंद व्हायची संधी मिळाली नाही. चुकीचा संदेश दाखवणारा पडदा न येता थेट अंधार होत असेल, तर संशय आधी एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, आणि घरातल्या व्होल्टेजवर घ्यावा. एसएमपीएस कोणता, हे तुम्ही प्रत्येक भागाचं नाव लिहूनही लिहिलेलं नाही. मशीन जोडणारे बहुतेक जण पैसे कमी पडले की तिथंच काटकसर करतात. '४५० वॉट' असं नुसतं स्टिकर असलेला, वीज कमी वाया घालवण्याचं ८० प्लस प्रमाणपत्र नसलेला डबा असेल, तर सगळ्यात आधी बदलायचा भाग तोच.

वायरमनला बोलावून आणखी एक गोष्ट मोजून घ्या. संध्याकाळी सातच्या सुमारास सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल यांच्यात किती व्होल्ट येतात आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यात किती. दुसरा आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत असला तर ठीक. जास्त असेल, किंवा कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग गेलेलं असण्याची शक्यता आहे. जुन्या घरांत कोळसा-मीठ घालून केलेल्या खड्ड्याचं अर्थिंग असतं आणि ते ओलीवर चालतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं राहतं. त्यात पाणी सोडणं किंवा नवीन करून घेणं हा खर्च फ्रीज, मोटर आणि घरातल्या माणसांसाठीही आहे, त्याला कोणी नाही म्हणणार नाही.

यूपीएस असेल तर त्यावरचा व्हीए हा आकडा वॉट समजू नका. बाजारात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. तुमच्या आजच्या मशीनला तो पुरेल, मोठ्या कार्डाला कदाचित नाही. मशीन इन्व्हर्टरवर असेल तर त्याच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे ना, तेवढं बघा.

एवढं करूनही मशीन कमी पडतं असं दिसलं, तर अपग्रेड जरूर करा. फक्त कुठं कमी पडतं ते आकड्यांना विचारा. कार्डाचा वापर सतत ९७-९९ टक्के असेल तर कार्डच अपुरं आहे. कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि तरी फ्रेम पडताहेत, तर अडचण प्रोसेसरची, रॅमची किंवा डिस्कची. तुमच्या यादीवरून मला रॅम आणि डिस्क आधी दिसतात. एकाच स्टिकवर रायझनचा अर्धाच रस्ता उघडतो, कारण मेमरीच्या दोन वाटांपैकी एक बंद असते. तशीच आणखी एक ८ जीबीची स्टिक घ्या आणि बोर्डाला चार खाचा असतील तर दोन्ही स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणारी बोर्डाची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवणारी सोय, चालू आहे का तेही बघा. ३००० किंवा ३२०० ची रॅम घेऊन ती पाच वर्षं २१३३ वर चालवणारे कितीतरी जण आहेत. टास्क मॅनेजरमध्ये वेग लिहिलेला असतो, फरक दिसला तर सुधारणा फुकट आहे. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, साधी साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास. नव्या मोठ्या गेममध्ये नकाशाचा पुढचा भाग येताना जो झटका बसतो, तो बऱ्याचदा डिस्कचा असतो. दोष मात्र कार्डाला मिळतो.

मॉनिटरचंही मनावर घ्या. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो. कार्डानं १४० काढली तरी तुमच्या डोळ्यांपर्यंत ६० पोचणार. नवं कार्ड घेतल्याचा फरक तुम्हाला कोपऱ्यातल्या आकड्यात दिसेल, खेळात फारसा नाही. उलट आजच गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० ठेवा. कार्ड विनाकारण राबणार नाही आणि दुपारची उष्णता आपोआप कमी होईल.

सगळं मशीन बदलायचा बेत मात्र मला पटत नाही. बी४५० हा बोर्ड २०१८ चा असला तरी बायोस अपडेट केल्यावर त्यावर रायझन ५ ५६०० चालतो. म्हणजे बोर्ड, रॅम, सगळं तेच ठेवून दोन पिढ्या पुढचा प्रोसेसर. एएम५ ला डीडीआर५ शिवाय पर्याय नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले, म्हणजे नेमकी तीच वस्तू नव्यानं घ्यायची. तुम्ही २०२१ च्या टंचाईत १६५० ला २२ हजार दिले होते, तेव्हा टंचाईच्या भावाचा अनुभव तुम्हाला आहेच. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून दुकानदार नवा बोर्ड घ्यायला सांगत असेल, तर तुमचा २६०० विंडोज ११ च्या यादीत आहे. बायोसमध्ये एफटीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सेटिंग चालू करा.

हप्त्यांबद्दल मी तुम्हाला स्पष्टच सांगते, हे हप्ते घेऊ नका. सव्वा लाख २४ महिन्यांत म्हणजे महिना साडेपाच-सहा हजार, पगाराचा पाचवा हिस्सा. क्रेडिट कार्डावर 'नो कॉस्ट' म्हणून मिळणाऱ्या हप्त्यांतही बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट दाखवतो आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी व प्रक्रिया शुल्क तुमच्या माथी येतं. त्याहून मोठी अडचण वेळेची आहे. आज हप्ता सुरू केलात तर दुसराच हप्ता मृगाच्या तोंडावर येईल. घरात बी-बियाणं, खत, मजुरी यांची जुळवाजुळव चालू असेल. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनं मराठवाड्यात उभं सोयाबीन पाण्यात गेलं, तुमच्याकडेही त्याची झळ बसली असणार. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. तुमचे अण्णा सव्वा लाख ऐकतात तेव्हा त्यांच्या डोक्यात साडेतेवीस क्विंटल सोयाबीन उभं राहतं, आणि तेही हमीभाव मिळालाच तर. त्यांचं 'डबडं' हे बोलणं त्या हिशेबातून येतं. तुमच्या छंदाचा त्यांना राग आहे, असं मला पत्रावरून वाटत नाही.

बैलजोडीचं तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, पण मला त्यात तुमचं उत्तर दिसतं. नांगरट ट्रॅक्टरनं होते, तरी अण्णांनी जोडी ठेवली. पोळ्याला तिची शिंगं रंगवतात, झूल चढवतात, चार माणसं थांबून बघतात. हिशेबानं ती जोडी परवडत नाही, जिवानं परवडते. हौस काय असते ते या माणसाला तुमच्याइतकंच कळतं. फरक एका ठिकाणी आहे. जोडी केवढ्याला आणली, पेंड किती लागते, हे तुमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या मशीनची किंमत घरात कोणालाच माहीत नाही.

तुम्हाला वाटतं, खरी किंमत सांगितली तर छंद बंद पडेल. मला उलट वाटतं. किंमत लपवल्यामुळं घरातलं कोणी तुमच्या बाजूनं बोलूच शकत नाही. पत्नीला तर तुम्ही मदत करायची संधीच दिली नाही. तेव्हा आधी तिला सांगा, एकटीला, आणि सगळं एकदम सांगा. कॅबिनेट साडेसहाचं होतं, २०२१ चं मशीन एकूण केवढ्याचं होतं, सगळं. थोडं आज, थोडं पुढच्या महिन्यात असं केलंत तर ती प्रत्येक वेळी नव्यानं फसेल. ती चिडेल, चिडू द्या. लगेच 'पण माझा हा एकच शौक आहे' असं पुढं करू नका. तिचा राग किमतीपेक्षा लपवण्यावर असेल आणि तो रास्त आहे. तिच्या स्वतःच्या हौसेसाठी घरखर्चातून किती सुटतं, हेही त्याच बैठकीत विचारा. पगारातून दर महिन्याला छंदाची एक रक्कम दोघांनी मिळून ठरवावी, हजार असो की दीड हजार, तुमची तेवढीच तिची. तिची तिनं कशावर घालवावी ते तुम्ही विचारायचं नाही.

अण्णांशी बोलताना फ्रेम, हर्ट्झ यांत शिरू नका. मशीन उघडं असताना त्यांना माडीवर बोलवा, भुसकटाचा तो थर दाखवा, कोणता पंखा हवा कुठून घेतो ते दाखवा. यंत्राच्या गोष्टी शेतकऱ्याला समजावून सांगाव्या लागत नाहीत.

हीच अडचण लॅपटॉपवर असलेल्या विद्यार्थ्यांचीही पत्रं येतात, लातूर-नांदेडहून विशेष. लॅपटॉपचं कार्ड बदलता येत नाही, पण पंख्याची सफाई, पेस्ट, दुसरी रॅम आणि एसएसडी हे बहुतेक मॉडेलमध्ये जमतं. गादीवर ठेवून खेळू नका, खालच्या जाळ्या बंद होतात.

कार्डाचा विचार दसऱ्यानंतर, सोयाबीन घरात आल्यावर आणि वर्षभराची छंदाची रक्कम साठल्यावर करा. तुमच्या बोर्डावर कार्डाची खाच पीसीआयई ३.० या जुन्या पिढीची आहे. आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० त्यावर थोडासाच वेग गमावतात आणि वीज अनुक्रमे १३२ व ११५ वॉट खातात, म्हणजे चांगला एसएमपीएस असेल तर पुन्हा बदलावा लागत नाही. जुनं घेणार असाल तर छत्रपती संभाजीनगरला किंवा नांदेडला स्वतः जा, कुरिअरनं मागवू नका. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग (चलन मिळवण्याची आकडेमोड) बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डं बाजारात आली आणि ती अजून हातोहात फिरताहेत. कार्डावरचा सिरियल नंबर खोक्याशी जुळवा, मूळ बिल मागा, वॉरंटी उरली असेल तर कंपनीच्या साइटवर तिथंच तपासा आणि अर्धा तास गेम चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकोन उमटले तर कितीही स्वस्त असलं तरी परत या.

तुमचं १६५० तेव्हा फेकू नका. ते ७५ वॉटचं आहे आणि त्याच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवरची वायर लागत नाही. त्यामुळं ऑफिसातून निघालेल्या जुन्या ब्रँडेड मशीनवर गेम खेळू पाहणारी मुलं ते शोधत असतात. तुमच्याकडं वायरवालं मॉडेल आहे की बिनवायरचं ते आजच बघून ठेवा. बिनवायरचं असेल तर थोडा जास्त भाव मिळतो, आणि नव्या कार्डाची रक्कम ठरवताना तो वजा करता येईल.